थंडरबर्डमधले जुने मेल नव्या संगणकावर कसे न्यावेत

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांत, शरणपूर रस्त्यावरच्या कर सल्लागारांकडे किंवा दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत परिसरातील द्राक्ष निर्यातदारांच्या कार्यालयांत एखादा तरी संगणक असा असतो, की ज्यात दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार साठलेला असतो. पर्चेस ऑर्डर, ड्रॉइंगच्या सुधारित प्रती, द्राक्षांच्या रेसिड्यू तपासणीचे अहवाल, कंटेनरची कागदपत्रे, परदेशी खरेदीदाराशी दरावरून झालेली घासाघीस, हे सगळे त्यातच असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे यातले बरेच संगणक आता बदलावे लागत आहेत आणि त्या वेळी थंडरबर्ड या मेल हाताळण्याच्या प्रोग्राममधील जुन्या मेलचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न केवळ आठवणी जपण्याचा नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात आणि त्यांपैकी कित्येक कागद आज फक्त मेलला जोडलेल्या पीडीएफच्या रूपातच शिल्लक असतात.

हे स्थलांतर अवघड नाही, परंतु त्यात एक ठरलेली फसगत आहे. संगणक दुरुस्तीला किंवा बदलायला दिला, की हार्डवेअरवाला ‘डेटा घेऊन ठेवतो’ असे सांगतो आणि त्याच्या लेखी डेटा म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि असलाच तर डी ड्राइव्ह. थंडरबर्डचे मेल यांपैकी कशातच नसतात. ते सी ड्राइव्हवर, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, अ‍ॅपडेटा नावाच्या एका लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असतात. डिस्क फॉरमॅट झाल्यावर नव्याने थंडरबर्ड बसवले जाते, ते उघडले की कोरे दिसते आणि मग धावपळ सुरू होते. म्हणून संगणक कोणाच्याही हाती देण्यापूर्वी हा फोल्डर आपण स्वतः शोधून त्याची प्रत घ्यावी. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याला ही जागा ठाऊक असेलच असे नाही.

वेळ निवडतानाही थोडा विचार करावा. द्राक्षाच्या निर्यातीची गर्दी जानेवारी ते एप्रिल या काळात असते, तेव्हा हे काम काढू नये. पावसाळ्यातली निवांत दुपार त्यासाठी उत्तम. कर सल्लागारांनी दर महिन्याच्या ११ आणि २० तारखांच्या आसपासचे दिवस टाळावेत, कारण जीएसटीची मासिक विवरणपत्रे त्याच सुमारास भरायची असतात आणि एखादा ओटीपी नेमका तेव्हाच मेलवर यायचा असतो.

मेल नक्की कोठे आहेत, हे आधी पाहावे

जुन्या संगणकावर थंडरबर्ड उघडून अकाउंट सेटिंग्जमध्ये जावे आणि प्रत्येक खात्याखालील सर्व्हर सेटिंग्ज हे पान पाहावे. तेथे सर्व्हर टाइपसमोर पॉप किंवा आयमॅप यांपैकी एक शब्द दिसतो. पुढचे बहुतेक निर्णय या एका शब्दावर अवलंबून आहेत.

आयमॅप असेल तर मेलचा मूळ साठा सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि संगणकावर असते ती त्याची प्रत. नव्या संगणकावर खाते जोडले, की ते मेल पुन्हा उतरतात. पॉप असेल तर मात्र मेल सर्व्हरवरून उतरवून संगणकातच ठेवले जातात आणि सर्व्हरवरची प्रत काही दिवसांनी पुसली जाईल अशी योजना बहुधा केलेली असते. सर्व्हर सेटिंग्जमधील ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ या ओळीखाली दिवसांची मर्यादा घातलेली आहे का, ते पाहिले म्हणजे नेमकी स्थिती कळते. अनेक लहान उद्योगांनी स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले आहे, पण त्याबरोबर मिळणारी मेलबॉक्सची जागा तुटपुंजी असते. त्यामुळे पॉप लावून सर्व्हर सतत रिकामा करत राहण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. अशा ठिकाणी जुन्या मेलची जगातली एकमेव प्रत त्या टेबलावरच्या संगणकात असते.

आयमॅप आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. जीमेलची १५ जीबीची मोफत जागा भरत आली, की जुने मेल ओढून संगणकातच राहणाऱ्या लोकल फोल्डर्समध्ये टाकणे हा सर्रास केला जाणारा उपाय आहे. ‘२०१९ एक्स्पोर्ट’, ‘जुने बिल’, ‘साहेब’ अशा नावांचे फोल्डर डावीकडच्या यादीत लोकल फोल्डर्स या शीर्षकाखाली दिसत असतील, तर ते सर्व्हरवर नाहीत आणि खाते नव्याने जोडल्याने परत येणार नाहीत. आयमॅपवाल्यांचे खरे नुकसान होते ते येथेच.

याच पानावर आणखी एक ओळ असते, लोकल डिरेक्टरी. तिच्यात त्या खात्याचे मेल कोणत्या फोल्डरमध्ये साठतात, त्याचा पूर्ण पत्ता असतो. बहुधा तो अ‍ॅपडेटामधलाच असतो, परंतु सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तरी मेल वाचावेत म्हणून काही जाणकार मंडळी तो डी ड्राइव्हवर वळवून ठेवतात. हेतू चांगला असला, तरी अशा वेळी केवळ प्रोफाइलची प्रत घेऊन भागत नाही. डी ड्राइव्हवरचा तो फोल्डरही वेगळा न्यावा लागतो आणि नव्या संगणकावर त्याच पत्त्यावर ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक खात्याची आणि लोकल फोल्डर्सचीही लोकल डिरेक्टरी उघडून पाहावी आणि कागदावर लिहून ठेवावी.

प्रोफाइल म्हणजे काय

थंडरबर्ड हा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो. तो काढून टाकता येतो, पुन्हा बसवता येतो. त्यात आपले असे काहीच नसते. आपले जे काही असते, म्हणजे मेल, पत्ते, पासवर्ड, फिल्टर, सह्या, कॅलेंडर, खात्यांची मांडणी, ते सगळे प्रोफाइल नावाच्या एका फोल्डरमध्ये असते. तो शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग थंडरबर्डमध्येच आहे. हेल्प मेनूतील ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडावे आणि प्रोफाइल फोल्डरच्या ओळीसमोरचे ओपन फोल्डर हे बटण दाबावे. लपवलेले फोल्डर दिसते करण्याच्या खटाटोपात पडण्याची गरज नाही.

उघडलेल्या खिडकीच्या वरच्या पट्टीत पत्ता दिसतो. त्यातील शेवटच्या भागात आठ विस्कळीत अक्षरे, मग बिंदू आणि त्यापुढे बहुतेक वेळा डिफॉल्ट-रिलीज असा शब्द असतो. तेच आपले प्रोफाइल. त्याच्या आत मेल आणि आयमॅपमेल असे दोन फोल्डर दिसतात. मेल या फोल्डरमध्ये पॉपची खाती आणि लोकल फोल्डर्स असतात, तर आयमॅपमेलमध्ये आयमॅप खात्यांच्या प्रती.

मेल फोल्डरमध्ये आणखी एक पायरी आत गेल्यावर इनबॉक्स नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतील. एकीच्या नावापुढे काहीच प्रत्यय नाही आणि ती कित्येक जीबींची आहे. दुसरीच्या नावापुढे बिंदू एमएसएफ आहे आणि ती पहिलीच्या मानाने अगदी लहान आहे. खरे मेल पहिलीत आहेत. ती साध्या मजकुराची एकच अखंड फाइल असून तिच्यात प्रत्येक मेल आधीच्या मेलच्या खाली रोजकीर्दीतल्या नोंदीसारखा लिहिला जातो. एमएसएफ ही तिची केवळ अनुक्रमणिका. ती हरवली किंवा बिघडली तर थंडरबर्ड ती मूळ फाइलवरून नव्याने तयार करते. प्रत्यय नसलेली मोठी फाइल ‘कसली तरी बिनकामाची’ समजून जागा मोकळी करण्यासाठी उडवणारे लोक असतात, म्हणून हे सविस्तर सांगितले. नावापुढे बिंदू एसबीडी असलेला फोल्डर दिसला, तर त्यात उपफोल्डर आहेत असे समजावे.

या रचनेमुळे आणखी दोन गोष्टी उलगडतात. जोडलेली फाइल मेलमध्ये मजकुराच्या रूपात साठवावी लागत असल्याने ती मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते. ड्रॉइंग आणि फोटो येणाऱ्या कारखान्यांचा इनबॉक्स एवढा जड का होतो, त्याचे कारण हे आहे. दुसरे असे, की डिलीट केलेला मेल या फाइलमधून लगेच निघत नाही. त्यावर केवळ खूण होते आणि कॉम्पॅक्ट ही क्रिया केल्यावरच जागा मोकळी होते. वर्षानुवर्षे कॉम्पॅक्ट न केलेल्या इनबॉक्समध्ये दिसणाऱ्या मेलपेक्षा न दिसणारेच जास्त असू शकतात.

प्रत घेण्यापूर्वी

स्थलांतराआधी कॉम्पॅक्ट करावे, असा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरही आहे, मात्र माझ्या मते क्रम उलटा हवा. कॉम्पॅक्ट करताना ती अवाढव्य फाइल पूर्ण नव्याने लिहिली जाते. डिस्क जुनी आणि कुरकुरणारी असेल किंवा वळवाच्या पावसात मध्येच वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर मूळ फाइललाच धोका पोहोचू शकतो. म्हणून आधी आहे तशी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी, त्यानंतर ट्रॅश आणि जंक रिकामे करून कॉम्पॅक्ट करावे आणि मग स्थलांतरासाठीची दुसरी प्रत घ्यावी. जागेची फारशी अडचण नसेल, तर कॉम्पॅक्टच्या भानगडीत न पडता पहिलीच प्रत नव्या संगणकावर नेली तरी बिघडत नाही.

पासवर्ड आठवतात का, हे आताच तपासावे. सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात सेव्ह्ड पासवर्ड्सची यादी असते आणि तेथे शो पासवर्ड्स दाबून ते वाचता येतात. डोमेनच्या मेलचा पासवर्ड ज्याने सुरुवातीला घातला, तो मनुष्य बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. साठवलेल्या पासवर्डांना कुलूप घालणारा प्रायमरी पासवर्ड लावलेला असल्यास तो नव्या संगणकावरही लागतो. तो ठाऊक नसेल तर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, मेल मात्र वाचता येतात.

मग प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि तेथे दिसणारी मेलची संख्या लिहून घ्यावी. इनबॉक्स, सेंट आणि लोकल फोल्डर्समधील मोठे चार-पाच फोल्डर एवढे पुरे. हा कागद पुढे उपयोगी पडतो.

शेवटी हेल्प मेनूतून थंडरबर्डची आवृत्ती पाहावी. नव्या संगणकावर बसवायची आवृत्ती जुनीइतकीच किंवा तिच्याहून पुढची असावी, मागची नसावी. पुढच्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल मागच्या आवृत्तीत उघडायला गेल्यास थंडरबर्ड ते नाकारते आणि नवे प्रोफाइल तयार करण्यास सुचवते. अजूनही विंडोज ७ किंवा ८.१ चालवणाऱ्यांकडे फार तर थंडरबर्ड ११५ असेल, कारण त्या प्रणालींवर चालणारी ती शेवटची मालिका होती. तेथून आजच्या आवृत्तीवर येण्यास हरकत नाही.

प्रत घेणे

थंडरबर्ड पूर्ण बंद करावे. खिडकी बंद झाली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असे नसते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये त्याचे नाव उरलेले नाही याची खात्री करावी. चालू प्रोग्रामच्या फाइलींची घेतलेली प्रत अर्धवट निघण्याचा धोका असतो.

टूल्स मेनूत एक्स्पोर्टची सोय आहे आणि तिने प्रोफाइलची झिप फाइल मिळते, पण ती २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइलसाठी आहे. दहा वर्षांचा व्यवसाय त्यात मावत नाही. त्यामुळे हाताने प्रत घेणे हाच येथे राजमार्ग. प्रोफाइलच्या खिडकीतून तीन पायऱ्या वर, म्हणजे रोमिंग या फोल्डरमध्ये यावे. तेथे थंडरबर्ड नावाचा फोल्डर दिसेल. त्याच्या आत प्रोफाइल्स हा फोल्डर आणि प्रोफाइल्स व इन्स्टॉल्स या नावांच्या दोन लहान आयएनआय फाइली असतात. हा थंडरबर्ड फोल्डर सबंधच उचलावा. आतले हवे तेवढेच निवडून घेण्याचा मोह टाळावा. पासवर्ड दोन फाइलींत मिळून साठवलेले असतात आणि त्यांपैकी एकच नेली तर काहीच उघडत नाही. पॉप खात्याच्या फोल्डरमधील पॉपस्टेट ही छोटीशी फाइल राहिली, तर कोणते मेल आधीच उतरवले आहेत हे थंडरबर्डला कळत नाही आणि सर्व्हरवर असलेले सगळे मेल पुन्हा एकदा इनबॉक्समध्ये येऊन बसतात.

प्रत कशावर घ्यायची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. मेन रोडवरून आणलेला नवा पेनड्राइव्ह पुष्कळदा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असून त्यातली ५० जीबी जागा मोकळी असली, तरी ५ जीबीच्या इनबॉक्सपाशी विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ अशा अर्थाचा संदेश दाखवते. घाईत असलेला मनुष्य तेथे स्किप दाबतो, बाकीचे सगळे व्यवस्थित जाते आणि नेमका इनबॉक्सच मागे राहतो. त्यामुळे पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा. त्याने पेनड्राइव्हवरचे असलेले सारे पुसले जाते हे ध्यानात ठेवावे. शक्य असल्यास बाहेरची हार्ड डिस्क वापरणे अधिक बरे. प्रत पूर्ण झाल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत या दोहोंवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील फाइलींची संख्या आणि साइझ हा आकडा ताडून पाहावा. त्याखालचा साइझ ऑन डिस्क हा आकडा वेगळा येऊ शकतो, तो मनावर घेऊ नये.

नव्या संगणकावर

थंडरबर्ड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून बसवावे, पण उघडू नये. बसवणाऱ्या खिडकीच्या शेवटी आताच सुरू करण्याची खूण आधीच केलेली असते, ती काढावी. चुकून उघडलेच, तर ते खाते जोडण्याची माहिती मागेल. ती भरू नये आणि प्रोग्राम बंद करावा. पॉपच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने पाळावे, कारण खाते तेथे जोडले गेले तर नवे मेल त्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये उतरू लागतात, सर्व्हरवरून पुसलेही जातात आणि पत्रव्यवहार दोन ठिकाणी विभागतो.

आता इंटरनेटची केबल काढावी किंवा वायफाय बंद करावे. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबली, की रन ही छोटी खिडकी उघडते. तीत टक्क्याचे चिन्ह, त्यापुढे इंग्रजी अक्षरांत अ‍ॅपडेटा हा शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे लिहून एंटर दाबल्यावर थेट रोमिंग फोल्डर समोर येतो. तेथे आधीच थंडरबर्ड नावाचा फोल्डर तयार झाला असेल, तर तो पुसण्याऐवजी त्याचे नाव बदलून ठेवावे आणि मग बाहेरच्या डिस्कवरून आपला थंडरबर्ड फोल्डर तेथे आणून ठेवावा. विंडोजमधील वापरकर्त्याचे नाव जुन्या संगणकापेक्षा वेगळे असले तरी चालते, कारण मेल प्रोफाइलच्या आतच असतील तर थंडरबर्ड त्यांचा पत्ता प्रोफाइलच्या संदर्भाने लावते. डी ड्राइव्हवर मेल ठेवणाऱ्यांनी मात्र तो फोल्डर आपल्या जागी ठेवून झाल्यावरच पुढे जावे.

मग थंडरबर्ड उघडावे. सगळे ठीक असेल, तर डावीकडे जुनीच यादी जशीच्या तशी दिसेल.

ते कोरे उघडले, तरी घाबरण्याचे कारण नाही. मेल गेलेले नसतात, थंडरबर्ड दुसऱ्याच प्रोफाइलकडे पाहत असते. थंडरबर्ड ज्या फोल्डरमध्ये बसवलेले असेल, त्यानुसार त्याला स्वतंत्र प्रोफाइल ठरवून दिलेले असते. जुन्या संगणकावर ३२ बिटची आवृत्ती असेल आणि नव्यावर ६४ बिटची, तर बसवण्याची जागा बदलते आणि थंडरबर्ड आपल्यासाठी नवे प्रोफाइल काढून मोकळे होते. अशा वेळी हेल्पमधील ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावर प्रोफाइल्स या ओळीसमोरचा दुवा उघडावा. तेथे सर्व प्रोफाइलांची यादी येते. आठ अक्षरांवरून आपले जुने ओळखावे, सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल हे बटण दाबावे आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू करावे.

इंटरनेट बंद असतानाच मघाचा कागद काढून फोल्डरांतील मेलची संख्या ताडून पाहावी. एखादा फोल्डर रिकामा किंवा अर्धा दिसत असेल, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर हे बटण आहे. त्याने अनुक्रमणिका नव्याने तयार होते. मोठ्या फोल्डरला यासाठी वेळ लागतो, तोवर प्रोग्राम बंद करू नये. संख्या जुळली, की दहा वर्षांपूर्वीचा एखादा मेल आणि त्याला जोडलेली पीडीएफ प्रत्यक्ष उघडून पाहावी. शोधपेटीत सुरुवातीला जुने मेल सापडले नाहीत, तर शोधाची सूची तयार व्हायची आहे असे समजून काही तास वाट पाहावी.

आणि मग इंटरनेट जोडावे. डोमेनच्या खात्यांना सहसा काही करावे लागत नाही. जीमेल मात्र पुष्कळदा ब्राउझरसारखी खिडकी उघडून पुन्हा साइन इन करायला लावते. बाहेरच्या प्रोग्रामांना केवळ साधा पासवर्ड देऊन आत जाण्याची सोय गुगलने २०२२ पासून बंद करत आणली, त्यामुळे फार जुन्या पद्धतीने जोडलेले खाते असेल, तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन मेथडसमोर ओऑथ२ निवडावे लागेल.

राहून जाणाऱ्या गोष्टी

मेलच्या तळाशी कंपनीचे बोधचिन्ह असलेली सही बाहेरच्या फाइलमधून घेतलेली असेल, तर ती फाइल प्रोफाइलमध्ये नसते. अकाउंट सेटिंग्जमध्ये सहीच्या चौकटीखाली तिचा पत्ता असतो. तो पाहून ती फाइल वेगळी आणावी. फिल्टर, पत्ते आणि संगणकावर साठवलेले कॅलेंडर प्रोफाइलबरोबरच येतात. अ‍ॅड-ऑन येतात, पण नव्या आवृत्तीशी न जुळणारे बंद पडतात आणि त्याला इलाज नाही.

नव्या संगणकावरच्या अँटिव्हायरसकडे लक्ष ठेवावे. इनबॉक्स ही एकच फाइल असल्यामुळे तिच्यातील एखाद्या जुन्या मेलला विषाणू चिकटलेला आढळला, तर काही अँटिव्हायरस त्या मेलऐवजी सबंध फाइलच उचलून कैदेत टाकतात आणि इनबॉक्स एका क्षणात रिकामा होतो. त्यामुळे पहिल्या संपूर्ण स्कॅनआधी प्रोफाइलचा फोल्डर अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत घालावा. तसे झालेच असेल, तर क्वारंटाइनमधून फाइल परत आणता येते; रिमूव्ह मात्र दाबू नये.

जुन्या मराठी मेलबाबत एक वेगळी तक्रार ऐकू येते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीचे मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये टंकलेले असत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि मेल बिघडले असा समज होतो. फाइल शाबूत असते. जुन्या संगणकाच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट आणून बसवले, की मेल आणि त्याला जोडलेली वर्डची पत्रे पूर्ववत वाचता येतात. तो संगणक हातातून जाण्यापूर्वीच हे करून घ्यावे, कारण असे फॉन्ट नंतर शोधत बसणे जिकिरीचे असते.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी तत्त्व तेच, फाइल वेगळी. पॉप खात्यांचे आणि हाताने वेगळे काढलेले मेल पीएसटी या प्रत्ययाच्या फाइलमध्ये असतात, जी बहुधा डॉक्युमेंट्समधील आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये सापडते. ती आउटलुक बंद करून उचलावी आणि नव्या संगणकावर क्लासिक आउटलुकमधून उघडावी. ओएसटी ही फाइल मात्र सर्व्हरवरच्या मेलची प्रत असून ती दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडत नाही, म्हणून तिच्यातले जपायचे मेल आधी एक्स्पोर्टने पीएसटीमध्ये काढावे लागतात. आउटलुक सोडून थंडरबर्डवर यायचे असेल, तर आयातीचे काम आउटलुक बसवलेल्या जुन्या संगणकावरच उरकावे आणि मग वर सांगितल्याप्रमाणे प्रोफाइल हलवावे. थंडरबर्डला आउटलुकचे मेल आत घेण्यासाठी त्याच संगणकावर आउटलुक असावे लागते. लिनक्सवर जाणाऱ्यांना हेच प्रोफाइल चालते, फक्त त्याची जागा वेगळी असते आणि ती हेल्पमधील त्याच पानावरून कळते.

नवी मांडणी सुरळीत चालू लागली तरी जुना संगणक महिनाभर ठेवावा. त्यावरचे थंडरबर्ड उघडायचेच झाले, तर आधी इंटरनेट बंद करावे, नाहीतर पॉपचे ताजे मेल तेथेच उतरतील. महिन्याभरात एक विवरणपत्र भरून होते, एखादी जुनी ऑर्डर शोधावी लागते आणि काही राहिले असेल तर ते ध्यानात येते. त्यानंतर संगणक एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल, तर आत राहिलेल्या प्रोफाइलचा बंदोबस्त करणे आवश्यक आहे, कारण प्रायमरी पासवर्ड नसेल तर ते उघडणाऱ्या कोणालाही सगळे पासवर्ड वाचता येतात. फोल्डर डिलीट करून रीसायकल बिन रिकामा करणे पुरेसे नाही. विंडोजच्या सेटिंग्जमधील रीसेट धिस पीसी हा पर्याय घ्यावा, त्यात रिमूव्ह एव्हरीथिंग निवडावे आणि पुढच्या चेंज सेटिंग्जमध्ये क्लीन डेटा चालू करावे. याला कित्येक तास लागू शकतात, म्हणून संध्याकाळी चार्जर लावून ते सुरू करावे आणि संगणक दुसऱ्या दिवशी दुकानात न्यावा. बाहेरच्या डिस्कवरील पहिली प्रत मात्र पुसू नये. तिच्यावर तारीख लिहून ती कार्यालयाबाहेर, घरी ठेवावी.